टॉवेलाखालचा टेलिफोन

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. आयुष्यातलं दीड वर्ष मी एका चौकडीच्या टॉवेलाखाली काढलं, आणि नेमक्या त्याच दीड वर्षात आमच्या केंद्राची सेवा कागदोपत्री सर्वांत उत्तम होती. मित्रांनो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, तेवढं सांगण्यासाठी मी आज तोंड उघडतो आहे. एरवी माझं काम ऐकण्याचं.

माझा जन्म दूर बंगळूरकडच्या एका कारखान्यातला. अंग जाड, वजन चांगलं, आणि घंटा अशी की शेजारच्या बिऱ्हाडातला माणूसही दचकावा. १९८३ साली मला ठाणे पूर्वेला, कोपरीत, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वीज तक्रार केंद्रात आणून बसवलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, तक्रारींची जाड वही आणि मी. आतल्या खोलीत लोखंडी दांड्यांचे चार मोठे स्विच. एकेका दांड्यावर एकेका भागाचा उजेड अवलंबून होता. मधलं दार बिजागरीतून निखळल्यापासून उघडंच असे, त्यामुळे मला सगळं दिसायचं.

माझ्यासमोर शीलाताई बसत. वर्तकनगरहून येत, बी. ए. झालेल्या, अक्षर मोत्यासारखं. फोन आला की उजव्या हातात पेन आणि डाव्या हातात मी. लोक माझ्यातून जे बोलत ते ऐकून त्यांचा चेहरा कधी बदलला नाही. ‘लाइट गेले’ हे सांगायला माणूस चार शब्द वापरतो आणि उरलेले चाळीस शब्द लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांवर खर्च करतो, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. त्या चार शब्द लिहून घेत आणि चाळीस सोडून देत.

खंडेनवमीला माझी पूजा होई. आतल्या स्विचना हळदकुंकू, पक्कड-पान्यांना फूल आणि मला झेंडूची माळ. त्या दिवशी मी वाजलो तरी शीलाताई माळ न मोडता मला उचलत. अशा मानाची सवय लागते.

आमच्याकडे एक पद्धत होती. ती कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती. वायरमन खांबावर चढायचा असला की आतला स्विच बंद करत आणि वहीत त्या तक्रारीखाली लाल पेन्सिलने ओळ लिहीत: ‘लाइन बंद, अमुक माणूस वर.’ खाली उतरलेल्या माणसाने स्वतः येऊन ती ओळ खोडल्याशिवाय स्विचला कुणी हात लावायचा नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. शिवाय काम लांबून पाळी बदलायची वेळ झाली, तर वर असलेल्या माणसाने निरोप पाठवून फोन करवायचा, की ‘मी अजून वर आहे.’ म्हणजे एकाच जिवाला दोन राखणदार होते, एक लाल ओळ आणि दुसरा मी.

मग १९९७ उजाडलं. वीजधंद्याचे नियम बदलणार, ग्राहकाला राजा मानणार, सगळ्यांवर नजर ठेवायला वेगळा आयोग बसणार, असं वारं सुटलं. वरून एक परिपत्रक आलं. तक्रार नोंदल्यापासून चार तासांत निवारण झालं पाहिजे. दर महिन्याला प्रत्येक केंद्राची सरासरी काढली जाईल. सर्वोत्तम केंद्राला ढाल, आणि सर्वांत वाईट केंद्र कंत्राटदाराच्या ताब्यात.

परिपत्रक चांगलंच होतं हो. लोकांचे लाइट लवकर यावेत, यात वाईट काय? पण आमच्या साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांना त्यात एक शब्द सापडला: ‘नोंदल्यापासून.’

साहेब दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. सज्जन, शाकाहारी, आवाज न चढवणारे. केंद्र कंत्राटात गेलं तर वायरमनपासून शीलाताईंपर्यंत सगळ्यांची पांगापांग होईल, ही धास्ती त्यांना खरीच होती. त्यांनी सगळ्यांना बोलावून शांतपणे समजावलं, की वेळ मोजायची ती नोंदीपासून. तेव्हा घाईघाईने नोंद करून आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यावा? तक्रार आली की चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचा. दुरुस्ती झाली की वहीत उतरवा आणि चिठ्ठी फाडा. शीलाताईंनी विचारलं, मग लाल ओळ? साहेब म्हणाले, ती पण चिठ्ठीवर. कागद तो कागद.

त्या महिन्यात आमची सरासरी अकरा मिनिटं आली. एवढ्या वेळात काळुराम शिडीसुद्धा खांद्यावर घेत नसे.

काळुराम आमचा सर्वांत जुना वायरमन. मोहने गावचा. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने कुठल्या खांबाचा कुठला बोल्ट गंजला आहे, हे त्याला घरच्या माणसांच्या दुखण्यासारखं ठाऊक. सरासरी ऐकून तो एवढंच म्हणाला, की आता आपण चढायच्या आधीच खाली उतरायला शिकलं पाहिजे.

चिठ्ठ्यांचा एक दोष होता. खिळा भरला की भिंतीवर तक्रारींचा झुपका दिसे. म्हणून साहेबांनी पुढची सुधारणा केली. दुपारी दोन ते चार माझा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा आणि मी दिसू नये म्हणून वर टॉवेल. फोन लागला नाही की तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे ग्राहक समाधानी. हळूहळू दोन ते चारचे अकरा ते पाच झाले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. चौदा वर्षं शिव्या ऐकल्यावर टॉवेलाखालचा काळोख गोड लागतो. शीलाताईंनाही लागला असावा. त्या विणकाम करू लागल्या. आम्ही कुणीच तेव्हा ओरडलो नाही, हे लक्षात ठेवा.

ओरडली ती फक्त जनाबाई. कोळीवाड्यातली ही बाई मासळी विकून दुपारी घरी परते, आणि पंखा बंद दिसला की आम्हाला फोन करी. चार दिवस फोन लागेना तेव्हा पाटी डोक्यावर घेऊन ती थेट केंद्रात आली. टेबलाकडे बघितलं, टॉवेलाचं टोक उचललं, मला बघितलं आणि शीलाताईंना विचारलं, “काय गो बाय, ह्याला ताप आलाय का?” शीलाताई मान खाली घालून टाके मोजू लागल्या.

आता त्या दिवसाकडे येतो. १९९८ चा ऑक्टोबर. उन्हाने डांबर मऊ झालेलं. त्या दिवशी दुपारी चार वाजता आमचं केंद्र बघायला वरून पाहणी समिती येणार होती. ढाल आम्हालाच, हे जवळपास ठरलं होतं. फक्त येऊन खात्री करायची होती.

नेमकं बाराच्या सुमाराला कोळीवाड्याच्या टोकाच्या खांबावरची जोडतार जळली. फोन बंदच होता. एका मुलाने धावत येऊन सांगितलं आणि काळुराम निघाला. आतल्या खोलीत सकाळपाळीच्या भिवाने कोळीवाड्याचा स्विच बंद केला. शीलाताईंनी चिठ्ठी लिहिली: ‘१२.१०, लाइन बंद, काळुराम वर.’ चिठ्ठी खिळ्याला गेली. काम अर्ध्या तासाचं दिसत होतं, पण वर गेल्यावर काळुरामला कळलं की बोल्ट गंजून एकजीव झालेत.

इकडे साहेबांची तयारी चालू होती. अडीच वाजता त्यांना दिसलं की भिवाचा गणवेश खांद्यावर फाटला आहे. समितीच्या डोळ्यांना ते बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी भिवाला अर्धा तास आधीच घरी पाठवलं. भिवा निश्चिंत गेला. चिठ्ठी खिळ्याला होतीच. मग साहेबांनी शीलाताईंना सरासरीच्या तक्त्याच्या पाच झेरॉक्स प्रती आणायला पिटाळलं. झेरॉक्सचं दुकान कोळीवाड्याच्याच लाइनवर. तिथे लाइट नव्हते. त्यामुळे अखंड वीजसेवेचा तक्ता हातात घेऊन शीलाताई पूल ओलांडून स्टेशनच्या पश्चिमेला गेल्या.

केंद्रात साहेब एकटे उरले. त्यांनी टेबल पुसलं, वही सरळ ठेवली आणि भिंतीकडे बघितलं. खिळ्यावर सात-आठ चिठ्ठ्या होत्या. समितीला चिठ्ठ्या दिसून कसं चालेल? साहेबांनी त्या अलगद काढल्या, घडी केली आणि आपल्या बॅगेत ठेवून बॅग बंद केली. खिळाही उपटला. मी हे सारं टॉवेलाच्या विरलेल्या जागेतून बघत होतो. रिसीव्हर बाजूला, तोंड मोकळं, आणि एक शब्द बोलता येत नव्हता.

तिकडे खांबावरून काळुरामने उन्हाचा कल बघितला. तीन वाजत आले होते, म्हणजे पाळी बदलणार. समितीसाठी आज तरी टॉवेल काढला असेल, या हिशेबाने त्याने खाली उभ्या असलेल्या जनाबाईला सांगितलं, की मावशे, नाक्यावरून केंद्रात फोन कर, काळुराम अजून वर आहे म्हणून सांग. आणि सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस. जनाबाई नाक्यावरच्या पीसीओवर गेली. ह्यातलं पुढचं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. तिने रुपयाचं नाणं हातात धरून नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. पीसीओवाला म्हणाला, मावशी, कुणीतरी बोलत असेल. जनाबाई म्हणाली, कोण नाय बोलत, त्याला टॉवेल घातलाय. चालत यायचं तर गुडघ्यामुळे तिला अर्धा तास लागला असता. तिने फिरवणं सोडलं नाही.

तीन वाजता दुसऱ्या पाळीचा मारुती आला. धुतलेला गणवेश, कपाळाला गंध. आतल्या खोलीत गेल्यावर कोळीवाड्याचा स्विच बंद दिसला तेव्हा त्याने बाहेर येऊन वही उघडली. पान कोरं. भिंतीकडे बघितलं. भिंतही कोरी. त्याने साहेबांना चिठ्ठ्या कुठे आहेत म्हणून विचारलं.

“कसल्या चिठ्ठ्या?” साहेब म्हणाले. “या केंद्रात चिठ्ठ्या नसतात, मारुती. समितीने विचारलं तर असंच उत्तर द्यायचं आहे. नीट पाठ कर.”

मारुतीने पाठ केलं. पण त्याचे पाय हलेनात. तो म्हणाला, स्विच बंद आहे म्हणजे भिवाने काहीतरी म्हणून केला असेल. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. समिती ज्या रस्त्याने येणार, त्या रस्त्यावरच्या दुकानांत काळोख होता. दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत बाहेर बसले होते. साहेबांना घाम फुटला. म्हणाले, दुपारी कधीतरी पडला असेल आणि भिवा उचलायला विसरला असेल. त्याचं गणवेशाकडे लक्ष नसतं तसं स्विचकडेही नसणार. मारुती म्हणाला, एकदा कोळीवाड्यात कुणाला विचारू या. साहेब म्हणाले, कुणाला विचारणार, आणि समितीच्या गाडीला सांगणार का जरा थांबा म्हणून? वहीत लाल ओळ आहे का? नाही. मग?

मग काय? पद्धत तीच होती: लाल ओळ नाही म्हणजे माणूस वर नाही. मारुती आत गेला. त्याने रबरी हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घालू लागला. मित्रांनो, मी चिठ्ठी लिहिताना बघितली होती. ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर, बॅगेत, घडी करून. मी टेलिफोन आहे. दूरचं जवळ आणण्यासाठी मला घडवलं. आणि हातभर अंतर मला ओलांडता येईना.

मारुतीने हात दांड्यावर ठेवला.

तेवढ्यात साहेबांना आठवलं, की समिती निघताना कळवणार होती. फोन एंगेज लागला तर? त्यांनी चटकन टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि माझा रिसीव्हर जागेवर ठेवला.

मी त्याच क्षणी वाजलो. दीड वर्षात साठलेलं सगळं त्या एका घंटेत आलं असावं. आत मारुती थबकला.

साहेबांनी मला लगेच उचललं नाही. पहिल्याच घंटेला उचललं तर माणूस रिकामा बसला आहे असं वाटतं. त्यांनी कॉलर सारखी केली. दुसरी घंटा. त्यांनी दारातून मारुतीकडे बघितलं. तो अजून उभाच होता. साहेबांनी उजवा हात उंच करून त्याला ‘कर, कर’ अशी खूण केली आणि तिसऱ्या घंटेला डाव्या हाताने मला कानाला लावलं.

“नमस्कार सर. सगळं व्यवस्थित आहे सर.”

“जल्लं तुजं सर,” माझ्यातून जनाबाई म्हणाली. “काळुराम वर हाय. खांबावर हाय. तारंला हात हाय त्याचा. आयकतोस का?”

साहेब ऐकत होते. त्यांचा उजवा हात अजून हवेत ‘कर’ म्हणत होता आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस तो. हवा होता तेव्हा त्यांना आवाज सापडेना. आत मारुतीने ती खूण बघितली, दांडा घट्ट पकडला आणि खांदा वाकवला. साहेबांनी मला टाकून दिलं. मी जमिनीवर आपटलो, माझी कानाची वाटी तडकली, आणि त्या आवाजापाठोपाठ साहेबांचा आवाज आला, “नको.” एवढा एकच शब्द. पण रस्त्यावरचे दुकानदार उठून उभे राहिले.

दांडा अर्ध्यावर होता. मारुतीने तो मागे घेतला, सोडला आणि आपले हात असे लांब धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग खुर्ची ओढून स्विचसमोर ठेवली आणि तिच्यावर बसला. हातमोजे काढायचं त्याला सुचलं नाही.

जमिनीवरून जनाबाई बोलतच होती. साहेबांनी वाकून रिसीव्हर उचलला आणि म्हणाले, बंद आहे, मावशी, बंदच राहील. मग त्यांनी बॅग उघडली. चिठ्ठ्यांची घडी उलगडली. चौथी चिठ्ठी त्यांनी स्वतःशीच वाचली, ‘१२.१०, लाइन बंद, काळुराम वर,’ आणि ती वहीच्या कोऱ्या पानावर ठेवून तिच्यावर तळहात दाबून बसले.

समिती चारला पाच मिनिटं असताना आली. तिघे जण होते. त्यांच्या मागोमाग झेरॉक्स घेऊन धापा टाकत शीलाताई. समितीच्या मुख्यांनी बसता बसता सहज विचारलं, की रस्त्यावर लाइट नाहीत का? या प्रश्नाला आम्ही तीन उत्तरं पाठ केली होती. साहेबांनी त्यातलं एकही दिलं नाही. म्हणाले, “आमचा माणूस वर आहे.” आणि चिठ्ठी शीलाताईंपुढे सरकवून त्यांनी लाल पेन्सिल मागितली. शीलाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मारुतीच्या हातमोज्यांकडे बघितलं, माझ्या तडकलेल्या वाटीकडे बघितलं. मग चिठ्ठीवरची वेळ होती तशी वहीत लिहिली.

काळुराम आला तेव्हा त्याच्या हाताला गंज होता आणि मागे जनाबाई होती. काय झालं ते तिने त्याला वाटेत सांगितलं असणार, कारण तो साहेबांकडे न बघता थेट वहीपाशी गेला. काम सव्वाचार वाजून दोन मिनिटांनी संपलं, एवढं सांगितलं. शीलाताईंनी हिशेब केला. चार तास सात मिनिटं. समितीचे मुख्य भले गृहस्थ होते. ते पुढे झुकून म्हणाले, सात मिनिटांसाठी कशाला? एवढं चांगलं केंद्र, एवढी सुंदर सरासरी. चारच लिहा, बाई.

शीलाताईंचं पेन थांबलं.  मग काळुराम म्हणाला,

“लिवा ताई. चार तास सात मिन्टं. जित्या मानसाला टाइम लागतो.”

शीलाताईंनी लिहिलं. काळुरामने लाल ओळ खोडली. मग मारुती खुर्चीवरून उठला आणि कोळीवाड्याचे लाइट आले.

ढाल दुसऱ्या एका केंद्राला गेली. तिथला फोन म्हणे कधीच वाजत नाही. आमची सरासरी पुढच्या महिन्यात दोन तास चाळीस मिनिटं झाली आणि तक्रारी तिपटीने वाढल्या. साहेबांना वरून विचारणा झाली, की सेवेचा दर्जा अचानक एवढा का घसरला? त्यांनी उत्तर दिलं, की फोन दुरुस्त झाला. कंत्राटाची फाइल अजून हलते आहे, असं ऐकतो. साहेब घरी जाताना रोज एकदा माझा रिसीव्हर जागेवर आहे ना, ते बघून जातात. टॉवेल काळुराम शिडी पुसायला घेऊन गेला.

मी आता म्हातारा झालो आहे. वाटी तडकल्यापासून मला बायकांचे आवाज पुरुषांसारखे ऐकू येतात आणि साहेब लोकांचे मुळीच येत नाहीत. माझ्या जागी बटणांचा फोन येणार आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणी टेबलाच्या अलीकडे बसेल, कुणी पलीकडे. नियम बदलतील, मोजमापं बदलतील, ढाली येतील. जे मोजलं जातं ते सुंदर करण्याची घाई तुम्हालाही होईल. तेव्हा आपल्या फोनला जपा. त्याला पुसा, पण झाकू नका. तो वाजला की पहिल्याच घंटेला उचला. रिकामे दिसलात तरी चालेल. पलीकडचा माणूस शिव्या देत असेल, तर त्यातले चार शब्द नीट ऐका. कुणीतरी वर असतं.